लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये मान अवघडत असल्यास सायकल अंगाला कशी बसवावी

पहिले ५०-६० किलोमीटर काहीच जाणवत नाही. मग कवटीच्या तळाशी, दोन्ही कानांच्या मागे एक बारीक ओढ सुरू होते, ती खांद्यांकडे उतरते आणि थोड्या वेळाने मागून येणारे वाहन पाहण्यासाठी मान वळवायची तर अख्खे धड वळवावे लागते. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेची, म्हणजे ठरावीक मुदतीत पूर्ण करायच्या लांब राइडची, तयारी करताना माझी हीच अवस्था झाली होती. साडेतेरा तासांची मुदत पायांना पुरेशी वाटत होती, पण मानेला नाही. मी हँडल वर घेतले, आखूड स्टेम (हँडलला फोर्कच्या नळीशी जोडणारा तुकडा) बसवले, नंतर त्याहूनही आखूड बसवले. प्रत्येक वेळी आठवडाभर बरे वाटायचे आणि दुखणे परत यायचे. मूळ कारण सीटमध्ये होते, हे कळायला मला जवळजवळ एक हंगाम लागला. ज्या क्रमाने शोध घेतला असता तर तो हंगाम वाचला असता, तो क्रम मी येथे मांडत आहे. क्रमाचा सारांश एका वाक्यात सांगायचा तर, मान दुखते म्हणून हँडलला हात घालू नका, आधी सीट तपासा.

मान नेमकी कशाने दुखते

माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते आणि हेल्मेटचे २५० ते ३५० ग्रॅम त्यात मिळतात. ताठ उभे असताना हा भार मणक्यावर तोललेला राहतो. सायकलवर पुढे वाकल्यावर मात्र डोके वर धरून ठेवण्याचे काम मानेच्या मागच्या स्नायूंकडे जाते, आणि हे स्नायू कवटीपासून खांद्याच्या फऱ्यापर्यंत पसरलेले असल्यामुळे दुखणेही तेवढेच पसरते. हा ताण वाढवणाऱ्या गोष्टी तीन आहेत: मान मागे किती मोडावी लागते, हातांवर आणि पर्यायाने खांद्यांवर किती भार येतो, आणि एकाच स्थितीत किती वेळ काढावा लागतो. पुढची प्रत्येक पायरी या तिन्हींपैकी कशावर तरी काम करते.

यातली पहिली गोष्ट खुर्चीवर बसूनच अनुभवता येते. पाठीला पोक काढून पुढे वाका आणि समोरच्या भिंतीकडे पाहा. मानेच्या मागे घडी पडल्यासारखे वाटेल. आता पाठ सरळ ठेवून फक्त कमरेतून तेवढेच पुढे वाका आणि पुन्हा भिंतीकडे पाहा. डोके तेवढेच पुढे आहे, नजर तेथेच आहे, पण मान कितीतरी कमी मोडते. सायकलवर पाठीला पोक येण्याची कारणे बहुतेक वेळा सीटपाशी असतात, म्हणूनच शोधाची सुरुवात तेथून करायची.

हा ताण टोकाला गेला तर काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिका आडवी पार करण्याच्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या स्पर्धेतले आहे. १९८३ साली मायकेल शर्मर या स्पर्धकाच्या मानेचे स्नायू इतके थकले की डोके वर धरणेच अशक्य झाले. अतिदीर्घ पल्ल्याच्या सायकलस्वारांना होणाऱ्या या त्रासाला तेव्हापासून ‘शर्मर्स नेक’ म्हणतात. तुमची-माझी मान तेथवर जाण्याची शक्यता फार थोडी आहे, पण थकणारे स्नायू तेच आहेत.

सुरुवात करण्याआधी: आधी डॉक्टरांकडे कोणी जावे

दुखणे हातात उतरत असेल, दंडात किंवा पंजात जोर कमी वाटत असेल, मान हलवली की विजेच्या झटक्यासारखी कळ जात असेल, चक्कर येत असेल, बटण लावण्यासारखी बारीक कामे जमेनाशी झाली असतील किंवा पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, तर सायकलची मापे बदलण्याआधी डॉक्टरांना दाखवा. सायकलवरून उतरल्यावरही दोन-तीन दिवस दुखणे हटत नसेल, तरीही दाखवा. केवळ करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होणे हे बऱ्याचदा तळहाताच्या कडेवर पडणाऱ्या दाबामुळे होते, परंतु तो त्रास मानेतूनही येऊ शकतो. त्यामुळे राइड संपल्यावर काही तासांत तो गेला नाही, तर अंदाज बांधत बसू नका.

लागणारे साहित्य

- ॲलन कींचा संच; बहुतेक सायकलींना ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या की लागतात.
- टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरावीक जोराइतकाच आवळू देणारा पान्हा. कार्बनचा कोणताही भाग असेल तर याच्याशिवाय हात घालू नका.
- मोजपट्टी, पाणसळ आणि ओळंबा. दोऱ्याला मोठा नट बांधला तरी ओळंबा होतो. मोबाइलमधली पाणसळही चालते, पण आधी ती सपाट फरशीवर शून्य दाखवते का, हे पाहून घ्या.
- इलेक्ट्रिकची चिकटपट्टी, बारीक मार्कर, वही.
- जाड पुठ्ठ्याचे पुस्तक.
- सायकल स्थिर धरणारा ट्रेनर. तो नसल्यास दाराच्या चौकटीपाशी सायकल धरून ठेवणारा एक मदतनीस.
- बाजूने चित्रीकरण करायला मोबाइल.

१. आजची मापे लिहून ठेवा

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच ती बहुतेक जण गाळतात. पुढे एखादा बदल चुकला की परत जायला जागा राहत नाही. सायकल सपाट जमिनीवर उभी करा आणि पुढील मापे मिलिमीटरमध्ये लिहा: क्रँक (पॅडलचा दांडा) ज्याभोवती फिरतो त्या मध्यबिंदूपासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर, सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंतचे अंतर, जमिनीपासून सीटची उंची, जमिनीपासून हँडलची उंची, आणि सीटच्या टोकावरून सोडलेला ओळंबा क्रँकच्या मध्याच्या किती मागे पडतो ते अंतर. स्टेमची लांबी आणि कोन सहसा त्याच्यावरच छापलेले असतात; तेही टिपा. स्टेमच्या खाली किती स्पेसर (फोर्कच्या नळीवरच्या कड्या) आहेत आणि वर किती, हे मोजा. सीटपोस्ट, म्हणजे सीटची नळी, फ्रेममध्ये जेथे शिरते तेथे चिकटपट्टीचा एक वेढा द्या आणि सीटचे रूळ (सीटखालच्या दोन सळ्या) जेथे पकडले आहेत तेथे मार्करने बारीक रेघ मारा.

मग नेहमीच्या कपड्यांत, नेहमीच्या बुटांत, हेल्मेट घालून सायकल चालवतानाचे बाजूचे चित्रीकरण करा. पहिली दोन मिनिटे सोडून द्या; चित्रीकरण चालू आहे हे माहीत असताना प्रत्येक जण नीट बसतो. १५-२० मिनिटांनंतर शरीर जसे बसते, ती तुमची खरी बैठक असते.

२. सीटची उंची

बूट घालून सीटवर बसा, एक पॅडल सर्वांत खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा नुकताच सरळ व्हावा, पण त्यासाठी कंबर एका बाजूला झुकू नये. याच उंचीवर पायाचा चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात थोडा वाक राहतो. चित्रीकरणात मोजला तर तो साधारण २५ ते ३५ अंशांचा असावा. आकडेमोड आवडणाऱ्यांसाठी दुसरी रीत आहे. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, पुस्तक दोन पायांच्या मध्ये सीटसारखे घट्ट वर दाबून धरा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. त्या मापाला ०.८८३ ने गुणले की क्रँकच्या मध्यापासून सीटपर्यंतची अंदाजे उंची मिळते. माप ८० सेंटिमीटर असेल तर ती सुमारे ७०.६ सेंटिमीटर येईल. दोन्ही रीतींनी मिळते ती सुरुवात आहे. अंतिम माप तुमचे गुडघे आणि कंबर ठरवतील.

मानेशी याचा संबंध असा की सीट फार उंच असली की प्रत्येक पॅडलला कंबर डावी-उजवीकडे झुलते, तोल सावरायला हात हँडल घट्ट धरतात आणि खांदे कानांकडे चढतात. मदतनिसाला मागून पाहायला सांगा. कंबर झुलत असेल तर सीट ३ मिलिमीटर खाली घ्या आणि पुन्हा पाहा. वर घ्यायची असेल तर सीटपोस्टवरची किमान खोलीची खूण फ्रेमच्या बाहेर येऊ देऊ नका.

३. सीटचा कल

माझे दुखणे येथे होते. सायकल घेताना सीट बोचते असे मी म्हणाले होते, म्हणून दुकानात सीटचे टोक खाली झुकवून दिले गेले. बोचणे थांबले आणि तो विषय माझ्या मनातून गेला. पुढे कित्येक महिन्यांनी सीटवर पुस्तक आडवे ठेवून त्यावर पाणसळ ठेवली, तेव्हा तिचा बुडबुडा काचेच्या टोकाला जाऊन चिकटला. मोबाइलवर मोजले तर कल ६ अंशांचा निघाला. इतक्या उतारावर शरीर सतत पुढे घसरत राहते. ते घसरू नये म्हणून हात हँडलला टेकू देतात, कोपर ताठ होतात, आणि रस्त्याचा प्रत्येक धक्का मनगटातून थेट खांद्यात आणि मानेत जातो. माझ्या ग्लव्हजच्या तळहातावरचे पॅडिंग मनगटाकडच्या बाजूला पूर्ण चेपले होते आणि बोटांकडे नव्यासारखे होते. कारण इतके दिवस माझ्या हातातच होते. मी ते पाहिले नव्हते.

तुमच्या सीटचा कल मोजताना सीटवर सपाट पुस्तक ठेवा आणि त्यावर पाणसळ. सीटचा मागचा भाग बराच उचललेला असेल, तर पुस्तक पुढच्या आणि मधल्या भागावर टेकवा, कारण बसणे तेथेच होते. सुरुवात बरोबर शून्यावर करा. टोक एक-दोन अंश खाली गेलेले चालते; तीनच्या पुढे जाण्याची इच्छा होत असेल तर कल हा तुमचा उपाय नाही, सीटच बदलायला हवी. एका बोल्टच्या सीटपोस्टवर आतले दाते एकमेकांत नीट बसले आहेत याची खात्री करून मगच बोल्ट आवळा; दाते अर्धवट बसले तर सीट खड्ड्यात आदळल्यावर आपोआप झुकते. दोन बोल्ट असतील तर एक जितका सैल कराल तितकाच दुसरा आवळत, पाव-पाव फेऱ्याने पुढे जा.

सीट बदलण्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण सीट आणि मान यांचा संबंध पुष्कळांना पटत नाही. सीट पुढच्या बाजूला बोचत असेल तर शरीर नकळत ओटीपोट मागे वळवून त्या दाबापासून पळते. ओटीपोट मागे वळले की कमरेला आणि पाठीला पोक येते. पाठीला पोक आले की समोर पाहायला मान जास्त मोडावी लागते. वरचा खुर्चीचा प्रयोग आठवा. त्यामुळे बैठकीच्या दोन हाडांना पूर्ण आधार देईल इतकी रुंद आणि पुढच्या नाजूक भागावर दाब न आणणारी सीट हा मानेचाच उपाय आहे. जाड, मऊ गादीची सीट म्हणजे आरामदायी सीट, हा समज सोडून द्या. लांब अंतरात हाडे गादीत रुततात आणि दाब बाजूच्या भागावर येतो.

४. सीट पुढे की मागे

क्रँक जमिनीला समांतर करा, पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीच्या थेट खालून ओळंबा सोडा. तो पॅडलच्या आसावर किंवा किंचित मागे पडला तर सुरुवातीला ते ठीक आहे. या मोजमापाला शरीरशास्त्राचा भक्कम आधार आहे असे नाही, पण सीट फारच पुढे किंवा मागे असेल तर ते लगेच दाखवते.

खरी परीक्षा तोलाची आहे. ट्रेनरवर किंवा रिकाम्या, सपाट, सुरक्षित रस्त्यावर मध्यम जोर लावत चालवा आणि धडाची स्थिती न बदलता दोन्ही हात हँडलवरून दोन-तीन सेंटिमीटरच उचला. काही क्षण तसेच राहता आले, तर भार सीट आणि पाय यांच्यात वाटला गेला आहे. हात उचलताच धड पुढे कोसळू लागले किंवा तोल राखायला पाठ वर उचलावी लागली, तर सीट ५ मिलिमीटर मागे घेऊन पुन्हा करून पाहा. रस्त्यावर तोलाची खात्री नसेल तर ही परीक्षा ट्रेनरवरच करा. सीट मागे घेतली की पॅडलही थोडे लांब होते, म्हणून उंची एक-दोन मिलिमीटर कमी करावी लागते. रुळांवर मर्यादेच्या खुणा असतात. पकड त्या खुणांच्या आतच राहू द्या.

येथे सर्वांत मोठा सापळा आहे. हँडल लांब वाटते म्हणून बहुतेक जण सीट पुढे ओढतात. हँडल जवळ येते हे खरे, पण शरीराचा भारही पुढे येतो, हातांवरचा दाब वाढतो आणि मान पहिल्यापेक्षा जास्त दुखते. सीटची जागा पायांसाठी आणि तोलासाठी ठरवायची. हँडल लांब असेल तर हँडलच जवळ आणायचे.

५. हँडलची उंची

सीट जागेवर आली की तिच्या तुलनेत हँडल किती खाली आहे, हे मोजा. नवख्याने लांबच्या राइडसाठी हँडल सीटच्या बरोबरीने किंवा फार तर ३-४ सेंटिमीटर खाली ठेवावे, असे माझे मत आहे. शर्यतीच्या सायकली पाहून ८-१० सेंटिमीटर खाली हँडल ठेवणारे हौशी लोक मला भेटतात. त्यांच्यापैकी पुष्कळांचे हात शेवटच्या तासात हूडवर (ब्रेक लिव्हरच्या वरच्या रबरी पकडीवर) नसतात, आडव्या दांड्यावर असतात.

हँडल वर घेण्याचे साधे मार्ग दोन आहेत. पहिला म्हणजे स्टेमच्या वरचे स्पेसर काढून खाली घालणे. १० मिलिमीटरचा स्पेसर खाली आला की हँडल जवळजवळ तेवढेच वर येते आणि सुमारे ३ मिलिमीटर जवळही येते. दुसरा म्हणजे स्टेम उलटा बसवणे. १०० मिलिमीटरचा, ६ अंशांचा खाली झुकलेला स्टेम उलटवला तर हँडल साधारण २० मिलिमीटर वर आणि ६ मिलिमीटर जवळ येते, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

काम करताना क्रम सांभाळा. आधी स्टेमच्या बाजूचे बोल्ट सैल करा, मग वरच्या टोपीचा बोल्ट काढा. पुढचे चाक निसटून खाली येऊ नये म्हणून फोर्क, म्हणजे ते चाक धरणारा चिमटा, धरून ठेवा. स्पेसर बदलून सगळे परत बसवताना क्रम उलटा: आधी टोपीचा बोल्ट हलक्या हाताने आवळा, चाक आणि हँडल सरळ रेषेत आणा, आणि शेवटी बाजूचे बोल्ट आळीपाळीने, स्टेमवर छापलेल्या टॉर्कइतके आवळा. टोपीचा बोल्ट केवळ बेअरिंगमधली ढील काढण्यासाठी असतो. हँडल धरून ठेवणे हे त्याचे काम नाही. बाजूचे बोल्ट आवळलेले असताना टोपी कितीही आवळली तरी ढील जात नाही आणि आटे मात्र जातात. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. खटखट जाणवली तर ढील शिल्लक आहे. हँडल वळायला जड झाले तर टोपी जास्त आवळली आहे.

तीन गोष्टींची काळजी घ्या. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल ताणल्या जात नाहीत ना, हे पाहा. फोर्कची नळी कार्बनची असेल तर स्टेमखाली किती उंचीपर्यंत स्पेसर चालतात, हे निर्मात्याच्या पुस्तिकेत पाहा आणि ती मर्यादा ओलांडू नका. केबल हँडल आणि स्टेमच्या आतून जात असतील तर हे काम अनुभवी मेकॅनिककडूनच करून घ्या. जुन्या पद्धतीच्या, फ्रेमच्या नळीत घुसणाऱ्या स्टेमला स्पेसर नसतात. तो वरचा बोल्ट सैल करून उचलता येतो, पण त्याच्यावरची किमान खोलीची खूण आतच राहायला हवी.

उंची एका वेळी १० मिलिमीटरच बदला. हँडल जितके वर तितके बरे, हा हिशेब थोड्याच अंतरापर्यंत खरा असतो. फार वर आणि फार जवळ आलेल्या हँडलमुळे धड ढिले पडते, पाठीला पोक येते आणि रस्त्याचे धक्के मणक्यातून सरळ वर चढतात. माझ्या दुसऱ्या आखूड स्टेमने हेच केले होते.

६. हँडलचे अंतर

हँडल लांब असण्याच्या खुणा अशा: कोपर सतत सरळ राहतात, तुम्ही सीटच्या टोकावर सरकता, हात हूडवरून आपोआप आडव्या दांड्यावर येतात. हँडल जवळ असण्याच्या खुणा: पाठ गोल, खांदे वर आणि आत, आणि उभे राहून चालवताना गुडघे हँडलजवळ येतात. तुमचे चित्रीकरण येथे उपयोगी पडते. हूडवर हात असताना कोपरात थोडा वाक आणि खांदे कानांपासून दूर, हे दिसायला हवे.

स्टेम १० मिलिमीटरच्या टप्प्याने बदला. नवा घेण्याआधी ओळखीच्या सायकलस्वाराकडून किंवा मेकॅनिककडून उसना घेऊन दोन राइड करून पाहा. हँडलच्या दांड्याची जाडी स्टेमशी जुळते का, हे आधी तपासा. ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त बदल हवासा वाटला, तर दोष बहुधा फ्रेमच्या मापात आहे. रोड बाइकवर फार आखूड स्टेम बसवला की हँडलचा स्वभाव बदलतो आणि उतारावर ते जाणवते. सीटच्या टोकाला कोपर टेकवून बोटे हँडलपर्यंत पोहोचतात का पाहणे, किंवा हँडलच्या दांड्याआड पुढच्या चाकाचा हब (मधला भाग) लपतो का पाहणे, या चाचण्या सर्रास सांगितल्या जातात. त्यांच्यावर विसंबू नका. तुमच्या पाठीची लवचीकता त्यांत कोठेच मोजली जात नाही.

७. हूड, ब्रेक आणि हँडलची रुंदी

हूडवर हात ठेवल्यावर मनगट हस्तांदोलन करताना असते तसे सरळ असावे. मनगट खाली मोडत असेल तर हँडलचा दांडा स्टेममध्ये किंचित वर फिरवा. दोन-तीन अंशांनीही फरक पडतो आणि हूड थोडे जवळही येतात. स्टेमच्या पुढच्या झाकणाचे चार बोल्ट तिरपे-तिरपे आवळा, वरची-खालची फट सारखी राहील असे. तळहात लहान असेल तर ब्रेकचा लिव्हर जवळ आणणारा छोटा स्क्रू शोधा. बोटे ताणून ब्रेक धरणारे खांदे कधीच सैल होत नाहीत.

दांड्याची रुंदी खांद्यांच्या हाडांच्या बाहेरच्या टोकांमधल्या अंतराइतकी असावी. फार रुंद दांड्यावर हात फाकतात आणि दोन फऱ्यांच्या मध्ये दुखू लागते. सरळ हँडलच्या हायब्रिडवर हात ठेवायला एकच जागा असते, त्यामुळे लांब पल्ल्यासाठी बार एंड, म्हणजे हँडलच्या टोकांना लावायचे छोटे दांडे, बसवणे हा स्वस्त आणि चांगला बदल आहे.

८. डोक्यावर आणि पाठीवर काय आहे

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर बसायला हवे. त्याला पुढे झाप असेल तर ती काढून एक राइड करा. पुढे वाकल्यावर झापेची कड नजरेच्या आड येते आणि रस्ता दिसावा म्हणून मान आणखी मोडते. चष्म्याचेही तसेच आहे: नाकावरून घसरणारा किंवा वरची कड जाड असलेला चष्मा तुम्हाला हनुवटी उचलायला लावतो. रात्रीच्या राइडमध्ये हेल्मेटवर लावलेला जड दिवा हँडलवर न्या. पाठीवरची पिशवी काढून सामान सायकलवर बांधा, कारण तिचे पट्टे नेमक्या थकलेल्या स्नायूंवर बसतात. हँडलला छोटा आरसा लावला तर मान वळवणे कमी होते. लेन बदलताना मात्र वळून पाहायलाच हवे.

टायरमध्ये बाजूला छापलेल्या कमाल आकड्याइतकी हवा भरत असाल तर ती कमी करून पाहा. रुंद टायर आणि बेताची हवा यांनी हातापर्यंत पोहोचणारा थरथराट कमी होतो. टायर चिमटून ट्यूब पंक्चर होईल इतकी हवा मात्र कमी करू नका.

९. बसण्याची सवय

सायकल कितीही नीट बसवली तरी तासन्‌तास एकाच स्थितीत राहिलेली मान दुखणारच. दर १० मिनिटांनी हातांची जागा बदला. मी सायकल-कॉम्प्युटरवर गजर लावून ही सवय लावून घेतली, आणि गजर वाजला की प्रत्येक वेळी माझे खांदे चढलेले सापडत. ते खाली सोडायचे, कोपर वाकवायचे, हनुवटी किंचित आत घ्यायची. दूर पाहताना आधी डोळे वर न्या, मान नंतर. उतारावर काही क्षण पॅडलवर उभे राहा. थांब्यावर दोन्ही फरे मागे एकमेकांकडे ओढून धरा, मग हनुवटी मागे ढकलून मानेचा मागचा भाग लांब करा. मान गोल गोल गरगरा फिरवू नका.

सायकलवरून उतरल्यावर पोट आणि पाठ यांना बळ देणारे व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा करा. धड स्वतःचा भार पेलू शकले नाही तर तो हातांवरच येतो आणि कोणताही स्टेम त्याला पुरत नाही. अंतरही हळूहळू वाढवा. ४० किलोमीटरवरून एकदम १०० वर गेलात तर मापे बरोबर असूनही मान भरून येईल.

१०. बदल पडताळण्याची रीत

एका वेळी एकच बदल, आणि त्यानंतर ओळखीच्या एकाच रस्त्यावर किमान दोन राइड. वहीत ‘दुखले’ किंवा ‘बरे वाटले’ एवढेच लिहू नका. दुखणे कितव्या किलोमीटरला सुरू झाले, ते लिहा. माझ्या वहीतल्या लागोपाठच्या तीन नोंदी अशा आहेत: ‘सीट ६ अंश खाली, मान ५५ किमी.’ ‘सीट शून्य, मान ७०, हात बधिर नाहीत.’ ‘सीट शून्य, १० मिमी मागे, जुना स्टेम परत, मान ११०.’ तिसऱ्या नोंदीत मी दोन बदल एकत्र केले, त्यामुळे श्रेय कशाचे ते ठरवायला मला आणखी दोन राइड कराव्या लागल्या. सीटची जागा बदलली की पहिल्या आठवड्यात मांड्या किंवा पोटऱ्या थोड्या भरून येतात. त्याला घाबरून लगेच मापे परत फिरवू नका. गुडघा दुखू लागला तर मात्र थांबा आणि शेवटचा बदल मागे घ्या.

चार-पाच राइडनंतरही आकडा पुढे सरकत नसेल, तर बाइक फिटिंग करणाऱ्या जाणकाराकडे जा आणि ही वही बरोबर न्या. जो तुमच्या जुन्या दुखापती, पाठीची लवचीकता आणि राइडचे अंतर विचारण्याआधीच पान्हा हातात घेतो, त्याच्याकडे थांबू नका.

नवी मापे ठरली की पहिल्या राइडनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, सीटपोस्टवरची चिकटपट्टी नव्या जागी लावा आणि मापांचा कागद हवा भरायच्या पंपाजवळ ठेवा. सायकल सर्व्हिसिंगहून किंवा प्रवासातून परत आली की बाहेर काढण्याआधी तो कागद हातात घेऊन सीटची उंची आणि कल मोजा. मागच्या सर्व्हिसिंगनंतर माझी सीट ८ मिलिमीटर खाली आलेली होती, आणि ते मला चिकटपट्टीमुळे दारातच दिसले.